दोघे, तिघे आणि राहून गेलेला एक

सामान्य काळातील तेविसावा रविवार (वर्ष अ)
वाचने : यहेज्केल ३३:७-९, रोमकरांस पत्र १३:८-१०, मत्तय १८:१५-२०



पावसाची झड लागली आणि रविवारच्या मिस्साला निम्मी बाके रिकामी राहिली, की आपल्यापैकी कोणीतरी हमखास म्हणतो, "असू दे, दोघे-तिघे जमले तरी प्रभू मध्ये आहेच." हे खरेच आहे. आजच्या शुभवर्तमानाच्या शेवटी प्रभूने तसे वचन दिले आहे आणि लहान ख्रिस्तसभांना त्या वचनाने सदैव धीर दिला आहे. पण आज आपण हा उतारा पहिल्या ओळीपासून ऐकला. मग आपल्या लक्षात आले असेल की प्रभू इथे हजेरी मोजत नाही. तो एका बिघडलेल्या नात्याविषयी बोलतो आहे.

हे वचन कुठे आले आहे?

संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय सलग वाचून पाहावा. आपल्यात मोठा कोण, असे शिष्य विचारतात आणि प्रभू एका बालकाला त्यांच्यामध्ये उभे करतो. त्यानंतर शंभर मेंढरांचा दाखला येतो. नव्याण्णव मागे ठेवून मेंढपाळ हरवलेल्या एकाच्या शोधात निघतो. त्याला लागूनच आजचा उतारा आहे. आणि पुढच्या रविवारी आपण पेत्राचा प्रश्न ऐकणार आहोत : भावाला किती वेळा क्षमा करायची?

म्हणजे आजच्या वचनाच्या एका बाजूला हरवलेले मेंढरू आहे आणि दुसऱ्या बाजूला क्षमा. मधले दोघे-तिघे कोण? उरलेले दोघे-तिघे असा त्यांचा अर्थ नाही. दुरावलेल्या भावाला परत आणण्यासाठी जे घराबाहेर पडले, ते हे दोघे-तिघे. अशांच्या मध्ये आपण असतो, असे प्रभू सांगतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चारही शुभवर्तमानांत 'ख्रिस्तसभा' या अर्थाचा मूळ ग्रीक शब्द फक्त संत मत्तयने वापरला आहे, आणि तोही दोनच प्रसंगी. पहिल्यांदा सोळाव्या अध्यायात, पेत्र या खडकावर उभारल्या जाणाऱ्या ख्रिस्तसभेविषयी. दुसऱ्यांदा आज, भाऊ ऐकत नसेल तर ख्रिस्तसभेला सांगा, या वाक्यात. पहिली ख्रिस्तसभा जगभर पसरलेली. दुसरी इतकी लहान, की तिथे दोघांमधले बिनसलेले सर्वांना सांगता येते आणि सर्वांना त्याचे सोयरसुतक असते. प्रभूने दोन्हींसाठी एकच शब्द वापरला.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात हेच शिकवले. ठिकठिकाणचे समूह लहान असोत, गरीब असोत, विखुरलेले असोत, त्यांच्यात ख्रिस्त हजर असतो आणि त्याच्याच सामर्थ्याने तिथे एकच पवित्र ख्रिस्तसभा एकत्र येते. तेव्हा आपले धर्मग्राम म्हणजे मोठ्या ख्रिस्तसभेचा कोपऱ्यात पडलेला तुकडा नव्हे.

आपण किती आणि कोण?

२०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. सगळ्या पंथांचे ख्रिस्ती मिळून त्यात एक टक्काही भरत नाहीत. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला आणि आपण त्यात आलो. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या धर्मप्रांतात गावे दूरदूर आहेत आणि ख्रिस्ती घरे थोडी.

आणि आपण आहोत तरी कुठले कुठले! कोणी आजरा-चंदगडकडच्या जुन्या घरांतले, कोणी सावंतवाडी-मालवणहून घाट चढून आलेले, कोणी गोव्याचे. कोणी अहिल्यानगर जिल्ह्यातून नोकरीनिमित्त आले आणि हरेगावच्या मतमाउलीची ओढ बरोबर घेऊन आले. कोणी केरळातून इथल्या रुग्णालयांत सेवा करायला आले. कोणी शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पाळीवर जातात, कोणी शिवाजी विद्यापीठात शिकतात आणि खोली घेऊन राहतात. घरी कोणी मराठी बोलतो, कोणी कोंकणी, कोणी मल्याळम, कोणी तमिळ. वेदीसमोर मात्र सगळे एक.

यात्रेच्या लाखोंच्या गर्दीत श्रद्धा उचंबळून येते. तीही हवी. पण त्या गर्दीत शेजारी उभ्या असलेल्या माणसाला नाव कोणी विचारत नाही, आणि विचारले नाही म्हणून कोणाला वाईटही वाटत नाही. लहान चर्चचे तसे नाही. इथे नावाने हाक मारली जाते, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाच्या आईचे ऑपरेशन झाले, हे सर्वांना ठाऊक असते. हे लहान चर्चचे मोठे धन आहे.

पण याच धनाला कीड लागू शकते. एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखणाऱ्यांचा हळूहळू गोतावळा होतो. त्यांची बाके ठरतात, मिस्सा संपल्यावर अंगणातले घोळके ठरतात, सणाची कामे ठरलेल्या हातांतच राहतात. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. पण चार महिन्यांपूर्वी कोल्हापुरात बदलून आलेली एखादी परिचारिका रात्रपाळी संपवून, न झोपता मिस्साला येते, मागच्या बाकावर बसते, शांतीची खूण म्हणून दोघांना नमस्कार करते आणि कोणाशी एक शब्दही न बोलता रिक्षाने परत जाते, तर तिला ही ख्रिस्तसभा मिळाली का? प्रभू तिला भेटला, यात शंका नाही. पण प्रभूच्या घरची माणसे?

पहिल्या ख्रिस्तसभेतील तक्रार

असा प्रश्न आपल्यापुढेच पहिल्यांदा आला असे नाही. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात आपण वाचतो की पहिले श्रद्धावंत एकत्र प्रार्थना करीत, भाकर मोडीत आणि आपले जे काही आहे ते वाटून घेत. हे चित्र आपल्याला आवडते. पण सहाव्या अध्यायात त्याच यरुशलेममध्ये कुरबुर सुरू होते. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलले जात होते. इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना मात्र मिळत होते. म्हणजे भाषेचा प्रश्न थेट ताटापर्यंत आला होता.

प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवले नाही, आणि प्रेमाने राहा असा नुसता उपदेशही केला नाही. त्यांनी सर्वांना बोलावले आणि सात जण निवडायला सांगितले : स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि निकलाव. ही सातही नावे ग्रीक आहेत! ज्यांची माणसे उपाशी राहिली होती, त्यांच्यातल्याच हातांत वाटपाचे काम आले. त्या सातांपैकी स्तेफन पुढे ख्रिस्तसभेचा पहिला हुतात्मा झाला.

आपल्यासाठी यात सरळ धडा आहे. नवीन आलेल्याला बसायला जागा दिली की तो पाहुणा होतो. त्याला काम दिले की तो घरचा होतो. कॉलेजमधली मुले चर्चपासून दूर जातात, अशी तक्रार आपण ऐकतो. त्यांच्यावर एखादी जबाबदारी टाकून, ती त्यांच्या पद्धतीने पार पाडू देऊन, आपण कधी पाहिले आहे का?

जो आला नाही त्याचा वाटा

इ. स. १५५ च्या सुमारास रोममध्ये संत जुस्तीन यांनी रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले. सम्राटाला ख्रिस्ती लोकांची बाजू समजावी म्हणून ते लिहिले होते. शहरातले आणि खेड्यांतले लोक एका ठिकाणी जमत, प्रेषितांचे आणि संदेष्ट्यांचे लेख वाचले जात, प्रवचन होई, भाकर आणि द्राक्षारस अर्पण केला जाई. आपल्या मिस्साचाच हा क्रम. पण त्यात एक गोष्ट त्यांनी आवर्जून नोंदवली आहे : जे येऊ शकले नाहीत, त्यांच्याकडे सेवक ख्रिस्तप्रसाद घेऊन जात. आणि जमलेल्या अर्पणातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात असलेले आणि परगावाहून आलेले, अशा सर्वांची काळजी घेतली जाई.

जो आला नाही त्याचा वाटा पोचवायचा, तर कोण आला नाही हे आधी कळले पाहिजे. कोणीतरी नजर फिरवून पाहिले पाहिजे, आठवण ठेवली पाहिजे. म्हणून आम्ही म्हणतो, आपले धर्मग्राम जिवंत आहे की नाही याची परीक्षा भरलेल्या बाकांवर होत नाही. एखादी जागा रिकामी राहिली, तर ती कोणाच्या डोळ्यांना खुपते का? परीक्षा इथे आहे.

आजच्या पहिल्या वाचनात देव यहेज्केलला इस्राएलच्या घराण्याचा पहारेकरी नेमतो. पहारेकरी म्हणजे चुका शोधत फिरणारा नव्हे. तो जागा राहतो, आपले कोण बाहेर राहिले हे पाहतो आणि वेळीच हाक देतो. जपानमध्ये छळाच्या काळात नागासाकीच्या परिसरातील ख्रिस्ती लोक दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरूविना राहिले. गावोगावच्या लहान समूहांत एक जण सणवारांचा हिशेब ठेवी, एक जण बालकांना स्नानसंस्कार देई आणि एक जण घरोघरी निरोप पोचवी. १८६५ साली एक फ्रेंच धर्मगुरू तिथे नव्या चर्चमध्ये असताना या लोकांनी येऊन आपली श्रद्धा हळूच उघड केली. एवढी वर्षे ती टिकली, त्यात घरोघरी जाणाऱ्या त्या माणसाचाही वाटा होता.

तालमीचा धडा

कोल्हापूरकराला समूह म्हणजे काय हे बाहेरच्याने शिकवायला नको. इथे पेठेपेठेत तालीम आहे, गल्लीगल्लीत मंडळ आहे. पहाटे आखाड्यात येणारा एखादा पोरगा दोन दिवस दिसला नाही, की वस्ताद विचारतो, "कुठं हाय त्यो?" आणि कोणीतरी त्याच्या खोलीवर जाऊन येतो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा पाण्यात अडकलेल्याला काढताना कोणी त्याची जात किंवा धर्म विचारला नाही. राजर्षी शाहू महाराजांनी याच शहरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहावीत म्हणून मदत केली. त्यांत ख्रिस्ती मुलांसाठीही वसतिगृह होते. खेड्यातला मुलगा हुशार असून भागत नाही, शहरात त्याला डोक्यावर छप्पर आणि भोवती आपली माणसे लागतात, हे त्या राजाने ओळखले होते. तालमीत विचारपूस होते, पुरात हात दिला जातो. मग देवाच्या घरात त्याहून कमी होऊन कसे चालेल?

आधी एकट्याने जा

आता आजच्या वचनाच्या कठीण भागाकडे वळू या. भावाने अपराध केला तर काय करायचे, याच्या पायऱ्या प्रभू सांगतो. आधी तू एकटा त्याच्याकडे जा. ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर घे. तरीही ऐकले नाही, तरच ख्रिस्तसभेला सांग. माणसांची रीत बहुधा उलटी असते. आधी सगळ्यांना कळते, मग दोघातिघांत चर्चा होते, आणि ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे त्याला सर्वांत शेवटी कळते.

मोठ्या शहरात एखाद्याशी बिनसले तर माणूस शेजारच्या धर्मग्रामात मिस्साला जातो. इथे तो कुठे जाणार? तो घरी बसतो. सुरुवातीला एक रविवार, मग महिना, मग फक्त नाताळ आणि पुनरुत्थानाचा सण. कारण बऱ्याचदा क्षुल्लक असते : गायनमंडळात दिलेली जागा, सणाच्या खर्चाचा हिशेब, लग्नात राहून गेलेले आमंत्रण. लहान चर्चमध्ये लहान भांडणही मोठी जागा व्यापते. म्हणून इथे समेट ही चैन नाही, ती रोजची भाकरी आहे.

आणि भावाने ख्रिस्तसभेचेही ऐकले नाही तर? त्याला परराष्ट्रीय किंवा जकातदार समज, असे प्रभू म्हणतो. हे ऐकून कोणी सुटकेचा निःश्वास टाकू नये! प्रभू जकातदारांशी कसा वागला? तो त्यांच्या घरी जेवायला गेला. आणि हे वाक्य ज्याच्या शुभवर्तमानात आहे, तो मत्तय स्वतः जकातदार होता. तेव्हा या शिक्षेचा अर्थ एवढाच, की त्या माणसासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. समेट म्हणजे झाकपाक नव्हे. घरात बाईला मारहाण होत असेल, मुलांवर अत्याचार होत असेल, तर "आपल्यातले आपल्यात मिटवू" म्हणणे हे शुभवर्तमान नाही. अशा वेळी जिच्यावर किंवा ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या बाजूने उभे राहायचे, कायद्याची मदत घ्यायची. या अध्यायाच्या सुरुवातीला प्रभूने मध्ये उभे केलेले बालक आपण विसरायचे नाही. लहानांतल्या एकालाही अडखळवू नका, ही त्याची ताकीद त्याच अध्यायातली आहे.

दोघांची प्रार्थना

दोघांनी एकमनाने मागितले तर पिता देईल, असेही प्रभू आज सांगतो. याचे एक उदाहरण कोल्हापूरशी जोडलेले आहे. १८५२ साली रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी पत्नीसह इथे आले. ते आपल्या पंथाचे नव्हते. वायल्डर मेमोरियल चर्चच्या नावात त्यांची आठवण आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरात जन्मला. पुढे अमेरिकेत शिकत असताना तो आणि त्याची बहीण ग्रेस, दोघेच घरी बसून प्रार्थना करीत, की तरुणांनी देवाच्या कार्यासाठी पुढे यावे. १८८६ च्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांच्या एका शिबिरात शंभर तरुण पुढे आले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीतून पुढे हजारो जण जगभर गेले. ग्रेस पुन्हा भारतात येऊन सेवा करीत राहिली. भाऊ आणि बहीण, दोघेच. आपल्या घरातली सायंकाळची रोझरी दोघांचीच असली, तरी ती थोडी आहे असे कोणी समजू नये.

संत पौल आजच्या दुसऱ्या वाचनात सांगतो की कोणाचे काही देणे ठेवू नका. फक्त एक देणे कधीच फिटत नाही, ते एकमेकांवरील प्रीतीचे. बँकेचा हप्ता चुकला की नोटीस येते. या देण्याची नोटीस येत नाही. ती एखाद्या रिकाम्या बाकावर वाचावी लागते.

या आठवड्यासाठी

१. आज चर्चच्या फाटकाबाहेर पडण्यापूर्वी एका अनोळखी चेहऱ्याला नाव आणि गाव विचारू या. शक्य असेल तर त्याला घरी चहाला बोलावू या.

२. आपल्या लघु ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत एकच प्रश्न घेऊ या : बरेच दिवस कोण दिसले नाही? त्या घरी दोघातिघांनी जाऊन येऊ या. का आला नाहीत, असे विचारायला नव्हे. कसे आहात, असे विचारायला.

३. ज्याच्याशी बोलणे थांबले आहे, अशा एकाकडे एकट्याने जाऊ या. दुसऱ्या कोणाला न सांगता.

४. पुढच्या सणाचे एक काम अशा हातांत देऊ या, ज्यांनी ते आजवर केलेले नाही.

परवा, मंगळवारी, ८ सप्टेंबरला पवित्र मरियेचा जन्मोत्सव. नव्या पिकाची कणसे घेऊन आपण मातेपुढे येऊ. एका कणसात अनेक दाणे असतात आणि सगळे एकाच दांड्याला धरून असतात. दाणा गळून पडला तर शेतकरी वाकून तो उचलतो.

प्रार्थना करू या :

हे प्रभू येशू, तू नव्याण्णवांना मागे ठेवून एकाला शोधायला निघालास. आम्ही थोडे आहोत. आमच्यातला एकही हरवू नये, असे मन आम्हांला दे. जे मागच्या बाकावर एकटे बसतात, जे आजारपणाने खाटेला खिळले आहेत, जे रागावून घरी राहिले आहेत, त्यांच्याकडे जाण्यासाठी आमचे पाय उचल. आम्ही त्यांच्या दाराशी उभे राहू तेव्हा तू आमच्यामध्ये असशील, हा आमचा विश्वास आहे. आमेन.